बधिर मनगटाभोवतीची पकड

एक गोष्ट मी अकरा वर्षे लपवून ठेवली आहे. ती आधी सांगतो, कारण ती वगळून पुढचे लिहिले तर हा अनुभव नुसता चमत्कार वाटेल, आणि चमत्कार सांगत फिरण्याची मला हौस नाही.

मी दातांचा डॉक्टर आहे. माझ्या खुर्चीत बसलेल्या माझ्या सख्ख्या बहिणीला भूल लागलेली नाही, हे मला कळले होते. तरीही मी तिची दाढ काढली.

आता दुसरी कबुली. असल्या अनुभवांवर माझा कधीही विश्वास नव्हता. या सदरात येणारे अनुभव माझी पत्नी सुनंदा रविवारी मोठ्याने वाचते आणि मी चहा पिता पिता प्रत्येकाला एखादे वैद्यकीय नाव देऊन मोकळा होतो. "तुम्हाला एकदा यायला पाहिजे असा अनुभव," असे ती चिडून म्हणायची. तो आला. त्यालाही मी नाव शोधले... सापडले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कोरेगावात बाजाराच्या रस्त्याला, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणत असे, कोयनानगरला दिली होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिथे प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये होते. आमची आई दमेकरी असल्याने मला न्हाऊमाखू घालून शाळेत पोहोचवण्याचे काम अक्काकडे होते. त्यापायी तिची स्वतःची शाळा सातवीतच सुटली. मी डॉक्टर झालो तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे तिने वाटले.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. बाहेरच्या बाकावर चौदा-पंधरा माणसे बसलेली. अक्का सकाळच्या एसटीने आली होती आणि दुपारच्या गाडीने तिला परतायचे होते. खालची शेवटची दाढ किडून हिरडी सुजली होती, आत पू झाला होता. अशा सुजलेल्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन नीट लागत नाही, हे आमच्या शिक्षणातले अगदी सुरुवातीचे ज्ञान आहे. आधी पाच दिवस गोळ्या द्याव्यात, सूज उतरू द्यावी, मग दाढ काढावी. पण ती पुन्हा कधी येणार? आणि माझ्या मनात दुसरेही होते, तेही लिहितो. घरचे माणूस म्हणून तिला मधेच आत घेतले होते, बाहेरची माणसे कुरकुरत होती आणि मला ते लवकर उरकायचे होते.

इंजेक्शन दिले. दहा मिनिटांनी विचारले, "अक्का, ओठ जड झाला?"

"झाला जरा," ती म्हणाली.

"जरा की पूर्ण?"

"कर तू बापू. तुला कळतंय की."

तोंड उघडे असताना पेशंटला बोलता येत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, दुखले तर डावा हात वर करा, मी थांबेन. तिलाही सांगितले होते. चिमटा लावून मी पहिला जोर दिला आणि तिचा डावा हात वर आला. भीत भीत, खांद्यापर्यंतच... वर्गात उत्तराची खात्री नसलेल्या मुलीने करावा तसा.

मी तो पाहिला. डाव्या हाताने तिचे मनगट धरले, खुर्चीच्या हातावर दाबून ठेवले आणि म्हणालो, "अक्का, हे दुखणं नाही, नुसता दाब आहे. झालंच."

पुढची दोन-तीन मिनिटे तिच्या घशातून आवाज आला नाही. डोळ्यांतले पाणी कानांकडे ओघळत होते. पडद्यापलीकडे माणसे बसलेली आहेत, भावाच्या दवाखान्यात बहीणच ओरडली तर उद्या कोण येईल, हे तिला कळत होते. मला हे कळत होते की तिला ते कळते आहे, आणि मी त्याचा फायदा घेतला.

तोंडात कापसाचा बोळा धरून ती बाहेर गेली आणि बाकावरच्या बायकांना बोबड्या आवाजात म्हणाली, "काय बी कळलं न्हाई बगा. भाऊ हाय माजा."

पुढच्या वर्षभरात कोयनानगरच्या वसाहतीतून माझ्याकडे कितीतरी पेशंट आले. सगळे अक्काचे नाव सांगत.

त्यानंतर अक्का माझ्या खुर्चीत कधी बसली नाही. दोन वर्षांनी भाऊबीजेला आली, तेव्हा मी तिला चकली चहात बुडवून, मऊ करून खाताना पाहिले. दुसऱ्या बाजूच्या गालात लवंग धरलेली होती. आमच्या व्यवसायात लवंगेचा वास ओळखायला वेळ लागत नाही.

"दाखव बघू," मी म्हणालो.

"आता वय झालं रं. दात हालायचंच."

"दवाखान्यात ये एकदा."

"येते की," ती म्हणाली आणि सुनंदाला करंज्यांच्या सारणाबद्दल विचारू लागली. मी पुन्हा विषय काढला नाही. का काढला नाही, याचे उत्तर मला माहीत होते, आणि तिलाही.

चार वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. दहाव्याला दाजी सहज बोलून गेले, "लय भोगलं बग तिनं दातापायी. भाकरी दुधात कुस्करून खायची. मी म्हणलं, कराडला दावू. तर म्हणायची, भाऊ डाक्टर आसताना मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसू? लोक काय म्हणतील बापूला?"

एवढे ऐकूनही मी गप्प राहिलो. माझ्या नावाला बट्टा लागेल म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली नाही आणि माझ्या भीतीने माझ्याकडे आली नाही. मधल्या मधे सात वर्षे एका बाजूने चावत राहिली. दाजींना वाटत होते, ही भावाची माया. तसे वाटू द्यायला मला सोपे गेले. आईवडील नाहीत, अक्का नाही. आता 'अक्काचा भाऊ' म्हणून मला पाट मांडणारे ते एकच घर उरले होते. ते गमावण्याची माझी तयारी नव्हती.

आता सांगलीचा प्रसंग. हा गेल्या हिवाळ्यातला.

वर्षानुवर्षे कोपर दुमडून काम केल्यामुळे माझ्या उजव्या कोपरातली नस दबली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले होते. सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात ती नस मोकळी करायचे ठरले. पूर्ण भूल नको होती. काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करणार होते. झोपेचे औषध देऊ का, असे भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. त्यामुळे औषधाच्या गुंगीत काहीतरी वाटले असेल, हे स्पष्टीकरण मलाच देता येत नाही.

मॅडम तिशीच्या असतील. इंजेक्शन दिल्यावर त्यांनी मला बाजूच्या खोलीत थांबवले. शेजारच्या खाटेवर माधवनगरचे एक निवृत्त गिरणी कामगार होते. त्यांच्या बोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि हात अजून बधिर होता. ते कुशीवर वळले, तसा तो हात त्यांच्याच छातीवर आपटला.

"आवं सिस्टर!" ते ओरडले. "ह्यो कुणाचा हात टाकलाय माझ्या अंगावर?"

"काका, तुमचाच आहे."

"माझा? माझा कसला, आठ किलोचा हाय ह्यो! बदलला जणू आत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पावनं, जाताना आपला हात मोजून घ्या. हितं लय गर्दी हाय."

मीही हसलो. अशी गंमत मी ओठाच्या बाबतीत रोज ऐकतो. ओठ सुजला, ओठ गळून पडला, असे पेशंट म्हणतात, आणि मी त्यांना आरसा दाखवतो.

साडेदहाच्या सुमारास मला आत घेतले. उजवा हात बाजूच्या फळीवर, तळवा वर करून ठेवला होता. मधे हिरव्या कापडाचा पडदा होता. मॅडमनी स्पिरिटचा बोळा फिरवला, बोथट सुई टोचून पाहिली. खांद्याखाली काहीही कळत नव्हते. थोड्या वेळाने मला वाटू लागले की माझा हात वर उचललेला आहे, खांद्याच्या उंचीवर, अधांतरी. याचेही शास्त्रीय कारण आहे. बधिर झालेल्या हाताची खरी जागा मेंदूला कळत नाही, तो शेवटची आठवणारी जागा धरून बसतो. पुष्कळ पेशंटना असे होते. मी स्वतःला तेच सांगितले.

मग कोणीतरी माझे मनगट धरले.

मला पहिल्यांदा वाटले, सिस्टर असतील. पण त्या माझ्या डाव्या बाजूला सलाईनपाशी उभ्या होत्या. आणि ज्या हाताला सुई टोचली तरी कळत नव्हते, त्याच्या मनगटाला तळव्याची ऊब कळत होती. तळवा खरखरीत होता. भांडी घासून, शेणाने सारवून ज्याच्या रेघा राठ झाल्या आहेत, असा. तो दाबत नव्हता. माझा हात जणू वर आला आहे आणि थकून खाली पडू नये म्हणून कोणीतरी खालून तोलून धरला आहे, अशी ती पकड होती. शाळेच्या वाटेवरचा ओढा ओलांडताना अक्का मला असेच धरायची. बोटांना नाही, मनगटाला. बोटे सुटतात म्हणायची.

माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते कानाकडे ओघळले.

मॅडम वाकल्या. "सर, दुखतंय का?"

मी मान हलवली. 'नाही' अशी हलवली की 'हो' अशी, ते मला आठवत नाही.

त्यांनी पडद्यावरून पाहिले आणि शल्यविशारदांना म्हणाल्या, "सर, एक मिनिट थांबा." ते थांबले. हत्यार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मॅडमनी पुन्हा विचारले, "दुखत असेल तर सांगा, औषध वाढवू. घाई नाही."

बाहेर त्या दिवशी निदान दहा पेशंट होते. एक मिनिट गेले, आणखी अर्धे गेले. कोणाचे काही बिघडले नाही. मी अकरा वर्षांपूर्वी एवढेच करायला हवे होते.

"दुखत नाही," मी म्हणालो. "करा तुम्ही." मनगटावरची ऊब शेवटपर्यंत राहिली.

शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूच्या खोलीत मॅडम हात तपासायला आल्या, तेव्हा मी त्यांना सांगितले की मनगटाला मला कळते आहे. त्यांना ते पटले नाही. मी तोंड फिरवून घेतले आणि त्या गार बोळा जागोजाग लावत गेल्या. बोटांना कळत नव्हते. तळव्याला कळत नव्हते. मनगटाला कळले. त्या थांबल्या, पुन्हा लावून पाहिले. मग खिशातले पेन काढून, जिथे जिथे कळत होते तिथे त्या खुणा करू लागल्या.

शेजारचे गिरणीवाले काका मान उंचावून पाहत होते. "मेहंदी काढताय व्हय मॅडम?"

"गप्प पडा हो काका."

खुणा पुऱ्या झाल्यावर त्यांनी पेन खिशात ठेवले. मी मान वळवून पाहिले. मनगटाच्या मागच्या बाजूला चार आडवे पट्टे होते, आणि पुढच्या बाजूला, नाडी पाहतात तिथे, अंगठ्याएवढी एक गोल जागा. बाकी सारा हात लाकडासारखा होता.

"सर, तुम्हाला माहीतच आहे," मॅडम हळू म्हणाल्या, "कधी कधी एखादी नस सुटते आणि तेवढा भाग जागा राहतो. पण तो नसेच्या वाटेने राहतो, उभा. हे आडवं आहे. तीन नसांचा इलाका तोडून गेलंय. असं... कुठली नस जात नाही."

"कोणी धरला होता का हात? पट्टा बांधला होता?"

"नाही. आणि मागच्या बाजूने धरणार कसं? तुमचं मनगट फळीवर टेकलेलं होतं. मधे बोट सरकवायलाही जागा नव्हती."

मी डाव्या हाताने ते पट्टे झाकून पाहिले. माझी बोटे जाड होती, खुणांच्या बाहेर गेली. तो हात माझ्यापेक्षा लहान होता. आणि तो खालून आला होता. मी अक्काचे मनगट धरले होते ते वरून.

"भुलीचा असर किती वेळ राहील?" मी विचारले.

"संध्याकाळी पाच-सहापर्यंत उतरेल."

"वाढवता येईल का?"

त्या हसल्या. "सर, सगळे पेशंट विचारतात, आमचा हात परत कधी येणार. भूल जाऊ देऊ नका म्हणणारे तुम्ही पहिलेच."

ती दुपार मी पडून काढली. सुनंदाला इतकेच म्हणालो की हाताला हात लावू नको. चारच्या सुमारास बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. मग तळवा जागा झाला, मग कोपराचे दुखणे सुरू झाले. जसजसे सगळीकडे कळू लागले, तसतसे मनगटाभोवतीचे ते वेगळे कळणे आजूबाजूच्या कळण्यात मिसळत गेले. वाळूवर उठलेले पाऊल पाणी भरून सपाट व्हावे तसे. साडेपाचला सिस्टरनी विचारले, "आला ना हात परत?" मी हो म्हणालो. पेनच्या रेघा होत्या, पण त्यांच्या आत आणि बाहेर आता काही फरक उरला नव्हता. इतक्या वर्षांत अक्कासाठी मी खऱ्या अर्थाने रडलो असेन, तर त्या वेळी. सिस्टरना वाटले, कोपर दुखते आहे. त्यांनी गोळी दिली.

मी नंतर पुस्तके काढली. ओळखीच्या दोन भूलतज्ज्ञांना खुणांचे छायाचित्र दाखवले. एकाने 'मानसिक' असे म्हटले आणि दुसऱ्याने पेन चुकले असेल असे म्हटले. दोन्ही शक्य आहेत. मी स्वतः अपराधी मनाचा माणूस आहे, आणि अपराधी मन काय काय घडवू शकते हे मला नाकारता येत नाही. पण त्या मनाने घडवले असते तर ती पकड वरून आली असती, असे मला राहून राहून वाटते. याहून अधिक मला काही कळलेले नाही.

टाके काढायच्या आत मी कोयनानगरला गेलो. हात गळ्यात बांधलेला, म्हणून सुनंदा सोबत होती. दाजी ओट्यावर बसले होते. गालाला मफलर गुंडाळलेला, उजवी बाजू सुजलेली.

"आलास व्हय?" ते म्हणाले. "डाक्टरचाच हात मोडला म्हणल्यावर माझी दाढ कुटल्या जल्मी निघायची?"

"दाजी, किती दिवस दुखतंय?" सुनंदाने विचारले.

"झालं की दीड म्हयना. ह्याचीच वाट बगतोय."

"मी कराडच्या डॉक्टरांना फोन करतो," मी म्हणालो. "चांगले आहेत. आज संध्याकाळीच जाऊ."

"छ्या! मी न्हाई जायचा. एका हातानं काढ की रं. तुझी अक्का सांगायची, बापूच्या हाताला लय गुण हाय, कवा काढली कळली सुदिक न्हाई. तिनं मरस्तवर दुसऱ्याच्या खुर्चीत पाय ठिवला न्हाई, आन् मी जाऊ व्हय? वर गेल्यावर काय सांगू तिला?"

ते हसले, आणि हसताना गाल धरून विव्हळले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. आणखी एक माणूस त्याच खोट्यापायी दुखणे अंगावर काढत बसले होते, आणि ते खोटे माझ्यासाठी बोलले गेलेले होते. सुनंदा चहा टाकायला आत निघाली होती, तिला मी थांबवले. हे तिलाही माहीत नव्हते.

मी दाजींसमोर ओट्याखाली, जमिनीवर बसलो.

"दाजी, त्या दिवशी भूल लागली नव्हती," मी म्हणालो. "अक्काला दुखलं. सगळं दुखलं. तिनं थांब म्हणून हात वर केला होता आणि मी तो दाबून धरला. कळलं नाही असं ती सांगत होती ते माझी लाज राखायला. नंतर ती कुणाकडेच गेली नाही, तेही माझ्यामुळं. तुम्ही तसं करू नका. कराडला चला. मला या घरात पुन्हा पाट मांडला नाही तरी चालेल."

दाजींनी मफलर सोडला. सुनंदा दाराला धरून उभी होती. मला वाटले होते, एवढ्यावर माझा आवाज बंद होईल. तो झाला नाही. ज्या आवाजात मी अक्काला लहानपणी हाक मारायचो, त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असे, मी म्हणालो,

"अक्का, तुझा हात मला दिसला होता. मी थांबायला पाहिजे होतं. माझं चुकलं... मला माफ कर."